दख्खनची बुडालेली बाजू

शाळेच्या भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशात सह्याद्री तपकिरी असतो, कोकण हिरवे, आणि त्याच्या डावीकडे कागद संपेपर्यंत निळा रंग. त्या निळ्यावर ‘अरबी समुद्र’ ही अक्षरे असतात आणि बहुतेक वेळा प्रमाणपट्टी व सूचीही तिथेच टाकलेली असते, कारण दुसरे काही दाखवायचे नसल्यामुळे ती जागा मोकळी सापडते. मराठीत समुद्राबद्दल कमी लिहिले गेले आहे असे नाही. आंग्र्यांचे आरमार, जलदुर्ग, बंदरे, कोळीवाडे, मुंबईची भरणी, सगळ्यांवर पुस्तके आहेत. पण ती पाण्याच्या पृष्ठभागावर किंवा काठावर थांबतात. तळाचा विषय निघाला की आपण तो तेल काढणाऱ्यांवर आणि नौदलावर सोपवून मोकळे होतो.

हा लेखसंग्रह त्या तळाबद्दल आहे. त्यामागची भूमिका आधीच सांगून टाकतो: दख्खनचे पठार आणि अरबी समुद्र एकाच मोडतोडीतून जन्मले, म्हणून एकाचा भूगोल दुसऱ्यावाचून अपुरा राहतो. सह्याद्रीचा कडा जिथे उभा आहे तिथेच का, कोकणची पट्टी एवढी चिंचोळी का, वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूर इथले गरम पाण्याचे झरे किनाऱ्याला समांतर ओळीत का, या प्रश्नांचा निम्मा पुरावा पाण्याखाली आहे. जमिनीवरचा पुरावा आपण दीडशे वर्षे चाळतो आहोत. उरलेला हाती लागायला सुरुवात झाली ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत.

नवख्या वाचकासाठी आधी समुद्राची हद्द. अरबी समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूमीपेक्षा जास्त. सर्वांत रुंद ठिकाणी तो सुमारे २,४०० किलोमीटर पसरला आहे आणि खोल भागात साडेचार हजार मीटरांहून अधिक पाणी आहे. पूर्वेला भारत, उत्तरेला पाकिस्तान आणि इराण, पश्चिमेला ओमान, येमेन आणि सोमालिया. दक्षिणेला कुंपण नाही. मालदीवच्या टोकापासून सोमालियाच्या रास हाफूनपर्यंत सोयीसाठी एक रेषा ओढलेली आहे, एवढेच. या सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगी आहे ती उत्तर बाजू. अटलांटिक महासागर थेट आर्क्टिकपर्यंत उघडा आहे. अरबी समुद्र मात्र कर्कवृत्त ओलांडतो न ओलांडतो तोच जमिनीला धडकतो.

या एका गोष्टीतून पुष्कळ काही निघते. उन्हाळ्यात डोक्यावरचा आशिया तापतो, हिवाळ्यात गार पडतो, आणि वारे वर्षातून दोनदा दिशा पालटतात. वाऱ्यांच्या मागोमाग पाणीही पालटते. सोमालियाच्या किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात ईशान्येकडे सुसाट धावतो आणि हिवाळ्यात उलटा वाहतो. महासागराच्या पश्चिम काठावरच्या इतक्या जोरदार प्रवाहाने असे तोंड फिरवल्याचे उदाहरण दुसरीकडे सापडत नाही. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाहही पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे जातो. सूर्य पाणी उडवतो ते नद्या भरून काढत नाहीत. सिंधू, नर्मदा आणि तापी सोडल्या तर मोठी नदी नाही. सह्याद्रीवर पडलेल्या पावसातला मोठा हिस्सा गोदावरी-कृष्णा उचलून बंगालच्या उपसागरात नेऊन ओततात. त्यामुळे अरबी समुद्र उपसागरापेक्षा बराच खारट आहे. भरीला तांबड्या समुद्राचे आणि इराणच्या आखाताचे आणखी खारट, जड पाणी खालून येऊन मिसळते.

आणि उत्तरेकडून थंड, ताजे पाणी येण्याची वाटच बंद असल्यामुळे मधल्या थरात प्राणवायू जेमतेम उरतो. सुमारे १५० मीटरांपासून हजार-बाराशे मीटरांपर्यंतचा हा थर जगातल्या सर्वांत मोठ्या प्राणवायूहीन पट्ट्यांपैकी एक आहे. तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात हे जीवशास्त्र कशाला, असे कोणी विचारील. पण या थराला टेकलेल्या उतारावर गाळ ढवळणारे किडे-कृमी जगू शकत नाहीत. पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर गाळाचे वर्षावर्षाचे थर न विस्कटता साठलेले आहेत ते त्यामुळेच. १९९८ साली जर्मन संशोधकांनी त्या थरांचा ग्रीनलंडच्या बर्फातल्या हवामाननोंदींशी मेळ घातला, तेव्हा मोसमी वाऱ्यांचा आणि उत्तर अटलांटिकच्या थंडी-उबेचा हिशेब एकत्र वाचता येऊ लागला.

आता पाणी काढून टाकले आहे असे समजून अलिबागहून पश्चिमेकडे निघू. पहिली आश्चर्याची गोष्ट ही, की आपण लवकर खोलात जातच नाही. भूखंडमंच, म्हणजे खंडाचाच बुडालेला उथळ काठ, उत्तर कोकण आणि दक्षिण गुजरातसमोर ३०० किलोमीटरांहून रुंद आहे. कोचीपर्यंत जाता जाता तो साठेक किलोमीटरांवर येतो. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा हा मंच बहुतांशी कोरडा होता आणि इराणचे आखातही कोरडेच होते. मंचाच्या बाहेरच्या भागात चुनखडीच्या कणांचे, जवळजवळ सपाट असे विस्तीर्ण मैदान आहे. जुन्या तक्त्यांवर त्याचे नाव ‘पन्नास वावांचे पठार’ अशा अर्थाचे आहे. उथळ पाण्यातच तयार होणारी गोल चुनखडी वाळू तिथे आज नव्वद मीटर खोलीवर पडलेली आहे, आणि समुद्र वर चढत आला याचा याहून सरळ पुरावा मिळणे अवघड. त्याच मंचावर मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरांवर मुंबई हाय आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत तिथे तेल लागले ते मायोसीन काळातल्या चुनखडकात. ते शोधणारे ‘सागर सम्राट’ हे खोदकामाचे जहाज पुढे एक रुपयाच्या नोटेवर आले. आपल्या समुद्रतळाला सार्वजनिक जीवनात मिळालेला तेवढाच मान. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरांवर कान्होजींच्या घराण्याचे नाव धारण करणारे आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळक्षेत्र आहे: चाळीसेक किलोमीटर लांब, पंधराएक रुंद, माथ्यावर जेमतेम वीसेक मीटर पाणी.

मंच संपला की उतार, आणि उताराच्या पायथ्याशी लक्ष्मी खोरे. हे खोरे पश्चिमेकडून लक्ष्मी पर्वतरांगेने अडवलेले आहे. खोऱ्याच्या मधोमध तीन समुद्री डोंगर एका ओळीत उभे आहेत. त्यांना रामन, पणिक्कर आणि वाडिया यांची नावे आहेत: एक भौतिकीतले, दुसरे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक, तिसरे भारतीय भूशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिणारे. लक्ष्मी रांग ओलांडली की सिंधूने आणून टाकलेल्या गाळाचे सपाट मैदान लागते आणि ते संपल्यावर, कित्येक दिवसांच्या वाटचालीनंतर, कार्ल्सबर्ग रांग. इथे समुद्रतळ दुभंगतो आहे आणि नवा बेसाल्ट वर येतो आहे, वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरांच्या वेगाने.

या प्रवासात जी भूरूपे लागली त्यांची जन्मकथा गोंडवनाच्या फुटीपासून सुरू होते. टप्पे ढोबळपणे तीन. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटले. उडुपीजवळ मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवरचे षट्कोनी खांबांचे खडक त्या फुटीच्या वेळचे. पर्यटक तिथे जातात, फोटो काढतात आणि हे दख्खनचेच खडक समजून परततात. दख्खनपेक्षा ते दोन कोटी वर्षांनी जुने आहेत. दुसरी फूट सेशेल्सची. सेशेल्स बेटांचा मुख्य खडक ग्रॅनाइट आहे, सुमारे ७५ कोटी वर्षे जुना, आणि त्याचे जवळचे भाऊबंद राजस्थानातल्या मालाणी खडकांत सापडतात. भर महासागरात ग्रॅनाइटची बेटे असणे हेच मुळात विचित्र. ती खंडाचा तुकडा आहेत. हा तुकडा सुटला तो सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनी उद्रेकाला लागूनच, आणि थोड्याच काळात कार्ल्सबर्ग रांग उघडू लागली.

तिसरा टप्पा हा फुटीचा नसून धडकेचा. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला. वर्षाला पंधरा सेंटिमीटरांहून अधिक वेगाने चाललेला भारत मंदावला, समुद्र उघडण्याचा वेग पडला आणि हिमालयाची झीज सिंधूतून समुद्रात येऊ लागली. ती साठून तयार झालेला सिंधूचा पंखा सुमारे ११ लाख चौरस किलोमीटर पसरला आहे आणि किनाऱ्याकडच्या बाजूला गाळाची जाडी नऊ किलोमीटरांच्याही वर जाते. जगात याहून मोठा पंखा एकच, बंगालच्या उपसागरातला. हिमालयाचा जेवढा भाग आज उभा दिसतो, त्याच्या जोडीला झिजून गेलेला हिमालय या दोन पंख्यांत आडवा पडलेला आहे.

दख्खनच्या उद्रेकामागे भूकवचाखालचा जो तप्त स्रोत होता, तो थांबला नाही; भारत त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. त्या वाटेवर लक्षद्वीप, मग मालदीव, मग चागोस अशी ज्वालामुखींची रांग उभी राहिली. ती थंड होऊन खचत गेली आणि वर प्रवाळ चढत राहिले. मध्येच महासागरातल्या रांगेचा दुभंग त्या स्रोताच्या वरून सरकला आणि मागाचे दोन तुकडे झाले. पुढचा तुकडा आफ्रिकेच्या भूपट्टावर आहे: मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, जिथे आजही ज्वालामुखी पेटतो. १९८७ साली समुद्रात घेतलेल्या छिद्रांतून या खडकांची वयेही दक्षिणेकडे क्रमाने कमी होत जाणारीच निघाली. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांना हे कळायचे काही कारण नव्हते, पण ज्या काळ्या दगडाचे ढीग त्यांनी उसाच्या शेतांतून वेचून काढले, त्याचा आणि त्यांच्या गावच्या कातळाचा खोलवरचा उगम एकच आहे.

समुद्राची वायव्य बाजू वेगळी आणि जास्त अस्वस्थ. तिथे ओवेन भंगरेषेवरून अरबस्तानचा भूपट्ट भारताच्या बाजूने घासत उत्तरेकडे जातो, तर मकरानच्या किनाऱ्याखाली समुद्रतळ आशियाखाली सरकतो आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानला झालेल्या मोठ्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. २०१३ च्या सप्टेंबरातल्या बलुचिस्तानच्या भूकंपानंतर ग्वादरसमोर चिखलाचे एक बेट वर आले आणि काही वर्षांत लाटांनी ते धुऊन नेले. ओमानच्या मसिरा बेटावर तर जुरासिक काळातला समुद्रतळ जमिनीवर चढून बसलेला आहे आणि त्यावरून पायी फिरता येते.

हे सगळे कळले कसे, त्याचा इतिहास मला स्वतःला भूरूपांइतकाच रंजक वाटतो. सुरुवात अर्थातच तांडेलांपासून. कुठे तळ चिखलाचा, कुठे खडप, उधाणाला कोणत्या खाडीच्या तोंडाशी पाणी कसे वागते, हे ज्ञान कोकणच्या किनाऱ्यावर तोंडी चालत आले आणि आजही चालते. अरबांनी ते लिहून ठेवले. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिदच्या ग्रंथात तारे, वारे आणि किनाऱ्यांच्या खुणा यांची पद्धतशीर मांडणी आहे. (वास्को द गामाला कालिकतला आणणारा तो हाच, ही लाडकी गोष्ट आता बहुतेक अभ्यासक मानत नाहीत.) पुढे मुंबईत तळ असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराने तक्ते काढले. त्या आरमारातल्या मोर्सबीने १८३४ ते १८३६ या काळात मालदीवची मोजणी केली आणि डार्विनने प्रवाळद्वीपांवरच्या आपल्या १८४२ च्या पुस्तकात तिचा पुरेपूर उपयोग केला. ‘पालिन्युरस’ जहाजावरचा डॉक्टर हेन्री कार्टर अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचे खडक पाहून मुंबईला आला आणि मुंबई बेटाच्या भूरचनेवर लिहू लागला. त्याच सुमारास, १८४७ साली, वरळीच्या खडकांत सापडलेल्या इवल्याशा जीवाश्म बेडकांची शास्त्रीय नोंद झाली. लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्याचे तळे होते, ज्या वरळीवर आता पावसाळ्यात समुद्र आदळतो तिथे.

या पहिल्या पिढीने किनारा नेमका आखला, पण खोल पाणी तिच्या आवाक्याबाहेर होते. ते काम विसाव्या शतकातल्या मोहिमांनी केले. १९२८ ते १९३० मध्ये डॅनिश ‘डाना’ जहाजावरून ईल माशांचा अभ्यासक योहानेस श्मिट फिरत होता. त्याला महासागरातली रांग सापडली आणि त्याने तिला मोहिमेचा खर्च करणाऱ्या बिअर कारखान्याच्या प्रतिष्ठानाचे, कार्ल्सबर्गचे, नाव दिले. १९३३-३४ मध्ये इजिप्तचे ‘मबाहिस’ जहाज बहुतांशी इजिप्शियन खलाशांसह निघाले. नेतृत्व भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे माजी संचालक सेमूर सेवेल यांच्याकडे होते. प्राणवायूहीन तळावरचा निर्जीव पट्टा त्यांना दिसला, आणि कार्ल्सबर्ग रांगेच्या माथ्यावर लांबच लांब घळ दिसली. १९३७ साली सेवेल आणि वाइजमन यांनी या घळीचे पूर्व आफ्रिकेच्या खचदरीशी साम्य दाखवले. त्या दोघांच्या हाती उत्तराचा धागा होता. तो ओढायला आणखी पाव शतक जावे लागले.

१९६२ साली ब्रिटिश नौदलाच्या ‘ओवेन’ जहाजाने कार्ल्सबर्ग रांगेच्या एका लहानशा चौकोनात चुंबकीय मोजमापे घेतली. ती केंब्रिजला नेऊन फ्रेड वाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये जो छोटासा लेख छापला, त्याने भूशास्त्राचे दिवस फिरवले. तळाच्या खडकांतल्या काही पट्ट्यांचे चुंबकत्व आजच्या दिशेचे, काहींचे उलटे. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र मधून मधून उलटते आणि दुभंगातून वर येणारा प्रत्येक नवा खडक त्या त्या वेळची दिशा धरून गोठतो, असे मानले की हा विस्कळीत नमुना जागेवर बसतो. लॉरेन्स मॉर्ली या कॅनडातल्या शास्त्रज्ञानेही स्वतंत्रपणे हेच लिहिले होते, त्याचा लेख नियतकालिकांनी परत केला. समुद्रतळ पसरतो याचा जगाला पटलेला हा पहिला मोठा पुरावा आपल्या पश्चिमेकडच्या समुद्रातून आला, ही गोष्ट आपल्याकडच्या किती भूगोल शिक्षकांना ठाऊक आहे याबद्दल मला शंका आहे.

त्याच वर्षांत आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती. तिच्यातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि पुढे ती गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. ‘गवेषणी’, ‘सागर कन्या’ आणि अलीकडची ‘सिंधु साधना’ या जहाजांनी पश्चिम किनाऱ्याचा समुद्र आडवाउभा विंचरला. तोवर परदेशी जहाजांकडून मिळणाऱ्या तुकड्यांवर भागवावे लागे.

या क्षेत्रातल्या परंपरा वाचकाने ओळखून ठेवल्या तर पुढचे लेख सोपे जातील. एक परंपरा जमिनीवरून समुद्राकडे पाहते. जुन्या पाठ्यपुस्तकांत सबंध पश्चिम किनाऱ्याला लागून एक प्रचंड भंग दाखवत आणि सह्याद्रीचा कडा म्हणजे त्या भंगाची उरलेली भिंत मानत. पनवेलच्या परिसरात लाव्हाचे थर पश्चिमेकडे झुकलेले दिसतात, त्यावरून भंगापेक्षा वाकणे महत्त्वाचे असे दुसरे म्हणतात. कडा मूळचा किनाऱ्याजवळ होता आणि झिजत झिजत पूर्वेकडे मागे सरकला, हे आता बहुतेकांना मान्य आहे. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण काढले या कथेत भूशास्त्र शोधणाऱ्यांना यातून फारसे हाती लागत नाही: कोकण झाले ते समुद्र हटल्यामुळे नव्हे, डोंगर हटल्यामुळे.

दुसरी परंपरा भूभौतिकीची. ती चुंबकत्व, गुरुत्व आणि ध्वनिलहरी यांवर चालते आणि तिच्यातला सर्वांत रंगलेला वाद लक्ष्मी खोऱ्याचा. खोऱ्याखालचे कवच खंडाचे, ताणून पातळ झालेले, की महासागराचे? मानिक तलवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या बाजूला कौल दिला. गोव्यातल्या संशोधकांनी १९९४ साली चुंबकीय पट्टे दाखवून इथेही एकदा समुद्र उघडला होता आणि मग दुभंग पश्चिमेकडे सरकला असे मांडले. प्रश्न लहान वाटतो, पण भारताचे खंड कुठे संपते याचे उत्तर त्यावर ठरते. २०१५ साली ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने लक्ष्मी खोऱ्यात साडेतीन हजार मीटर पाण्याखाली दोन ठिकाणी सुमारे अकराशे मीटर खोल छिद्रे घेतली. पीटर क्लिफ्ट आणि गोव्याचे धनंजय पांडे हे मोहिमेचे मुख्य शास्त्रज्ञ होते. त्यांतल्या एकाच्या तळाशी बेसाल्ट लागला, आणि त्याने वाद मिटवण्याऐवजी वाढवला. त्या खडकाच्या रसायनावरून पांडे यांच्या गटाने तिसरीच शक्यता पुढे केली, की इथे एकदा एक कवच दुसऱ्याखाली सरकायला लागून थांबले असावे. त्याच छिद्रांत एका महाकाय दरडीचा मलबाही सापडला. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी गुजरातकडच्या उतारावरून कोसळलेल्या या ‘नटराज’ दरडीचे आकारमान सुमारे १९,००० घन किलोमीटर काढले गेले आहे.

तिसरी परंपरा गाळ वाचणाऱ्यांची, आणि तिचा नायक मोसमी वारा. पावसाळ्यात ओमानच्या किनाऱ्याला खालचे थंड पाणी वर येते, त्यात काही विशिष्ट सूक्ष्म जीव फोफावतात आणि त्यांची कवचे तळाला साठतात. १९८७ च्या मोहिमेत ओमानसमोर मिळालेल्या गाळावरून मोसमी वारे सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी बळावले असे ठरले आणि ते कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिले. मग मालदीवच्या गाळावरून २०१६ साली एका गटाने आजच्यासारख्या वाऱ्यांची सुरुवात १ कोटी २९ लाख वर्षांपूर्वी नेली. मला यातले तारखेचे भांडण दुय्यम वाटते. समुद्रातला गाळ प्रामुख्याने वाऱ्याची नोंद ठेवतो, पाऊस जमिनीवर पडतो, आणि दोन्ही एकाच वेळी वाढले-घटले असतील असे धरून चालण्याची सवय या क्षेत्रात फार लवकर लागली.

असा संग्रह आताच का, याचे उत्तर कोकणातल्या बागायतदाराला विचारावे. २०१९ साली या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, त्यांतली ‘क्यार’ आणि ‘महा’ एकाच वेळी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागजवळ धडकले आणि श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ने मुंबई हायवरचा तराफा बुडवला आणि त्यात अनेक कामगारांचे जीव गेले. समुद्राचा वरचा थर तापतो आहे. पावसाळ्याच्या शेवटी कमी प्राणवायूचे पाणी किनाऱ्यालगत चढते तेव्हा मासळी हलते. सिंधूवरच्या धरणांमुळे समुद्रापर्यंत पोहोचणारा गाळ घटला आहे. लक्षद्वीपची बेटे पाण्यावर मीटर-दोन मीटर उंच आहेत आणि त्यांना धरून ठेवणारे प्रवाळ १९९८ पासून पुन्हा पुन्हा पांढरे पडत आहे.

दुसरीकडे तळावर दावे सांगण्याची घाई आहे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडच्या भूखंडमंचासाठी भारताने २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे मागणी दाखल केली, आणि असे दावे गाळाच्या जाडीवर व उताराच्या पायथ्यावर तोलले जातात. कार्ल्सबर्ग रांगेवरच्या गंधकयुक्त धातुसाठ्यांच्या शोधासाठी २०२५ साली भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. उद्या तिथे खाणकाम करावे की नाही हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत येईल, तेव्हा चर्चा करणाऱ्यांना निदान ती रांग काय आहे आणि कुठे आहे हे माहीत असावे, एवढी माफक अपेक्षा या पुस्तकामागे आहे.

पुस्तकाची व्याप्ती मुद्दाम आखून घेतली आहे. मासेमारीचे अर्थकारण, जहाजवाहतूक आणि आरमारांचा इतिहास इथे नाही. त्यांवर चांगली पुस्तके आहेत. लेखकांत भूशास्त्रज्ञ आहेत तसे भूगोलाचे शिक्षकही आहेत, आणि दोघांची भाषा एकसारखी करण्याचा खटाटोप मी केलेला नाही. पारिभाषिक शब्द शक्यतो पाठ्यपुस्तकांतले ठेवले. जिथे तो शब्द कोणीच वापरत नाही तिथे बेसाल्ट, ग्रॅनाइट, त्सुनामी असे रुळलेले शब्द तसेच राहू दिले. प्रत्येक लेखाला तळाचा नकाशा जोडला आहे. ज्यांना भूशास्त्राची ओळख नाही त्यांनी आधी भूखंडमंचावरचे लेख वाचावेत, कारण तिथली भूरूपे तरुण आहेत आणि त्यांची कारणे साध्या डोळ्यांनी पटतात.

लक्ष्मी खोऱ्याबद्दल या पुस्तकात दोन लेख आहेत आणि ते एकमेकांशी सहमत नाहीत. दोन्ही ठेवले, कारण निवाडा करण्याजोगा पुरावा संपादकाकडे नाही. नवीन पुरावा लवकर येईल अशीही चिन्हे नाहीत. ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ने २०२४ साली या कामातून निवृत्ती घेतली, आणि इतक्या खोल पाण्यात छिद्र घेणारी जहाजे जगात मोजकी आहेत. तोवर भांडण २०१५ च्याच नमुन्यांवर चालेल. ते नमुने जपानमधल्या कोची शहरातल्या भांडारात (केरळातल्या नव्हे) ठेवलेले आहेत, आणि रीतसर मागणी करणाऱ्या संशोधकाला त्यांतला तुकडा अभ्यासासाठी मिळतो.